डाव्या बाहीतली गाठ

गेल्या सोमवारी सकाळी संग्रहालयातली बाई एक लांबट खोकं काखोटीला मारून आली. चहा नको म्हणाली, मग घेतला. खोक्यात पांढऱ्या कागदाच्या घडीत एक तपकिरी कोट होता.

"कसर लागलीय, आजी," ती म्हणाली. "शनिवारी नवं दालन उघडायचंय आणि हा मधोमध काचेत ठेवायचाय. तुमच्याशिवाय याला हात लावणारं आता कुणी उरलेलं नाही."

कोट कुणाचा ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. चौसष्ट वर्षांनी पाहिला तरी शेजारणीच्या मुलासारखा ओळखला.

बस अशी जवळ. दिवा राहू दे लागलेला, बाहेर ढगाळलंय. संग्रहालयाची गाडी यायला अजून तासभर आहे. तू काल संध्याकाळी आलीस, म्हणून या आठवड्यात इथे काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी पुलावर पाय ठेवण्याआधी कुणा एकाला तरी ते ठाऊक असायला हवं. तुझ्या आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. मधे बोलू नकोस आणि नर्सबाईसारखी माझी नाडी तर मुळीच बघू नकोस. मी ठणठणीत आहे.

पुलावरच्या मुलीचा पुतळा तू लहानपणापासून पाहतेयस. चौथीत तिच्यावर निबंध लिहून तू पहिला नंबर काढलास आणि मला वाचून दाखवलास. मी 'छान' म्हणाले आणि आत जाऊन भरलेली बादली उगाच मोरीत ओतून दिली. नातीच्या निबंधावर पोटात दुखणारी आजी तू कुठे पाहिली नसशील, पण मी आहे ती अशी आहे. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी चौसष्ट वर्षं करतेय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

सगळा देश तिला धाकटी म्हणतो. का म्हणतो, ते कुणी विचारत नाही. ती धाकटी होती, कारण थोरली मी होते. आमच्या रफूच्या दुकानात दोनच मुली, बाबांची मी सख्खी आणि ती आणलेली. तिची आई तापात गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी अकराची. बाबांनी तिला घरी आणलं आणि माझ्याच अंथरुणात झोपवलं. रात्रभर माझं पांघरूण ओढायची. दाढ दुखायची म्हणून गालात लवंग धरायची. आणि डावखुरी होती, त्यामुळे जेवताना तिचं कोपर रोज माझ्या कोपराला लागायचं.

रफू म्हणजे काय हे तुम्हा मुलांना आता सांगावं लागतं. फाटलेल्या जागी ठिगळ लावतो तो शिंपी. रफूवाला त्याच कापडाच्या दुमडीतून धागे उसवून काढतो आणि त्याच धाग्यांनी फाटलेली जागा पुन्हा विणतो. आधी उभे धागे, मग आडवे. गाठ मारायची नाही, कधीच नाही. गाठ बोटाला लागते, आणि काम बोटाला लागलं की रफूवाला हरला. बाबा हे इतक्यांदा म्हणायचे की आमच्या दुकानात कुणी बुटाची नाडी बांधतानाही ओशाळायचं.

माझं काम पाहून बाबा 'ठीक' म्हणायचे. धाकटीचं काम ते खिडकीशी नेत, उलटं करून बघत, सुलटं करून बघत, आणि काहीच बोलत नसत. ते न बोलणं मला जन्मात कधी मिळालं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणून मी मनाची समजूत घालायचे. मग एके दिवशी बाबांनी त्यांची स्वतःची सुई, जी वापरून वापरून केसाएवढी झिजली होती, ती धाकटीला दिली. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग लढाई सुरू झाली. टेकड्यांत आपली माणसं, गावात परक्यांचं सैन्य आणि मधे तो पूल. परक्यांच्या अधिकाऱ्यांचे गणवेश रफूला आमच्याकडेच येत, म्हणून दुकानात एक शिपाई कायमचा स्टूल टाकून बसवला होता. त्याला आपली भाषा चांगली येत होती. त्याच्यासमोर 'कधी मिळेल' आणि 'झालं का' याखेरीज गिऱ्हाइकाशी अवाक्षर बोलायची सोय नव्हती.

बाबा टेकड्यांतल्या माणसांसाठी काम करत होते, हे मला तेव्हाच कळलं जेव्हा त्यांनी धाकटीला पुलापलीकडच्या दवाखान्यात चादरी शिवायच्या कामाला लावलं. मला नाही लावलं. तिला लावलं. दर गुरुवारी ती पूल ओलांडून गिऱ्हाईक म्हणून दुकानात यायची. कोटाची डावी बाही तिने स्वतःच कुठेतरी फाडलेली असायची. कोट टाकून ती बाजारात जायची, औषधं आणि निरोप गोळा करायची आणि दुपारी कोट घेऊन पुलाकडे निघायची. बाहीच्या आतून ती अंगठा फिरवायची. रफू गुळगुळीत लागला तर वाट मोकळी. गाठ लागली तर पुलाकडे जायचं नाही, पाववालीच्या कोठारात दडून बसायचं. गाठ म्हणजे थांब. आमच्या दुकानातून चुकून गाठ जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ही खूण पक्की होती.

त्या गुरुवारी धाकटी कोट टाकून गेली आणि तासाभराने पाववाली पाव द्यायला आली. बाबा तिच्याशी परसात दोन मिनिटं बोलले. आत येऊन हात धुताना नळाच्या आवाजात मला म्हणाले, "पुलावर आज झडती आहे. फितुरानं तिचं वर्णन दिलंय. आज गाठ... मोठी टाक."

मग कोटाची बाही उचलून त्यांनी पाहिलं. खिळ्याला अडकून तिरपं फाटलं होतं, धागे पार पिंजलेले.

"वाईट फाटलंय," बाबा म्हणाले. "धाकटीचा हात हवा होता याला." आणि गणवेशांचं गाठोडं घेऊन ते छावणीकडे गेले.

एवढंच वाक्य. सहज म्हणाले. त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल.

पोरी, मी त्या दिवशी खिडकीशी बसले ती तीन तास उठले नाही. मला गाठ टाकायची होती, फक्त एक ओबडधोबड गाठ, ती पाच वर्षांच्या पोरालाही येते. पण माझ्या डोळ्यांपुढे तिचा अंगठा होता. तो बाहीत फिरणार, त्याला माझं ओबडधोबड काम लागणार, आणि ती मनात म्हणणार, थोरलीला जमलं नाही. ठाऊक होतं मला, ती खूण होती. तरी सहन होईना. मी असा रफू केला की तसा पुन्हा कधी झाला नाही. तिरप्या विणीला तिरपी वीण. आणि गाठही टाकली. शपथेवर सांगते, टाकली. पण अशी बारीक, दोन धाग्यांच्या पोटात अशी दडवून, की ती टाकल्यावर माझी मलाच हाताला लागेना.

दुपारी धाकटी आली. शिपाई स्टुलावर पेंगत होता, पण कान उघडे ठेवून. मी कोट पुढे केला. तिने बाहीत अंगठा घातला, हळूहळू फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"छान झालंय काम," ती म्हणाली.

दहा वर्षांत पहिल्यांदा. मी मान हलवली. तिने कोट घातला आणि गेली.

शिपायासमोर मी काय बोलणार होते, असं मी स्वतःला पुढे हजारदा विचारलं. पण खरं सांगू? त्या क्षणी मला शिपायाची आठवणच नव्हती. मला फक्त तो 'छान' ऐकू येत होता. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी मी तो तोंडात घोळवत बसले होते, आणि शुद्धीवर आले तेव्हा पुलाकडून आवाज आला. एकच. दार जोरात आपटल्यासारखा.

खाली नदीत एक नावाडी होता, त्याने पाहिलं. पुलाच्या मधोमध ती थांबली होती, म्हणाला. उजव्या हाताने डाव्या बाहीत काहीतरी करत होती. समोरून त्यांनी हाक मारली तेव्हा तिने औषधांचं पुडकं नदीत फेकलं आणि पाठ फिरवली. गोळी पाठीत लागली, डाव्या खांद्याखाली.

बाबा घरी आले. भिंतीला टेकून खाली बसले. "गाठ टाकली होतीस ना?"

"टाकली होती," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"म्हणजे तिला कळलं होतं," बाबा म्हणाले. "कळूनही गेली. औषधं पोचवायला." आणि ते ओक्साबोक्शी रडले. मग त्यांनी ते टेकड्यांतल्या माणसांना सांगितलं, त्यांनी गावाला, आणि स्वातंत्र्य आल्यावर गावाने देशाला. मरण समोर ठाऊक असून पुलावर चालत गेलेली मुलगी. पुतळाही तसाच, उजवा हात डाव्या बाहीवर. घडवणाऱ्याला वाटलं, ती रुमाल काढतेय. ती काय शोधत होती ते एकट्या मलाच ठाऊक. आणि मी कबूल का केलं नाही, तर भीतीने नव्हे ग. तिचा पुतळा माझ्या गाठीवर उभा आहे आणि ते कुणालाच ठाऊक नाही, याचा राग धरून बसले होते. त्या दिवसापासून मी तो पूल ओलांडलेला नाही. पलीकडे जायचं तर चार मैलांचा वळसा घालते. लोकांना वाटतं, मैत्रिणीच्या आठवणीने. वाटू दे.

तर सोमवार. बाई जाताना म्हणाली, "कसरीची भोकं तेवढी बुजवा, आजी. पाठीवरचं मोठं भोक राहू दे. तेच बघायला लोक येणार."

ती गेल्याबरोबर मी बाही उलटी केली. कसरीबिसरीचं नंतर. चौसष्ट वर्षं मला एकच गोष्ट बघायची होती. भिंगातून पाहिलं, उजेडासमोर धरून पाहिलं, अंगठा फिरवला, मग जीभसुद्धा लावून पाहिली. मला माझं काम सापडलं नाही. कुठे फाटलं होतं तेच कळेना, मग गाठ कुठली.

आणि मला आनंद झाला. तोंड वळवू नकोस, ऐक. आधी आनंद झाला, लाज मागून आली. माझ्याच अंगठ्याला लागत नाही, तर तिच्या अंगठ्याला काय लागणार. ती पुलावर थांबून तेच करत होती. तिला माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार, म्हणून ती गाठ शोधत होती आणि तिला सापडत नव्हती. मी तिच्यापेक्षा सरस निघाले होते एकदाच, आणि त्यात ती मेली.

मंगळवारी दुपारपर्यंत मी कसरीची अकरा भोकं बुजवली. जेवायला आत गेले, अर्ध्या तासाने परत आले, तर खुर्ची टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती.

मी उजव्या हाताने शिवते. उजेड डावीकडून यावा म्हणून माझी खुर्ची कायम खिडकीच्या उजवीकडे असते. लाकडी फरशीला तिच्या पायांनी चार खड्डे पडलेत, बघ तिथे. खुर्ची उजेड उजवीकडून येईल अशी ठेवली होती. तशी बसते डावखुरी बाई. मी म्हातारपणाला एक शिवी हासडली आणि खुर्ची जागेवर ओढली. मग कोट पुढे घेतला. पाठीवरचं भोक अंगठ्याच्या नखाएवढं आहे, कडा काळपट. त्या भोकात वरून खाली सात धागे ताणलेले होते. उभे, सारख्या अंतरावर. आणि खोलीत लवंगेचा वास होता.

भुतं रात्री येतात असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी रफू केलेला नसणार. हे काम दिव्यावर होत नाही. त्याला उत्तरेचा उजेड लागतो, दहा ते तीन. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तिची तर मेल्यावरही गेली नव्हती.

ते सात धागे मी कापायला घेतले. कात्री लावली आणि हात थांबला. भीतीने नाही. इतकं सुरेख काम होतं की कापवेना. मला माझाच राग आला.

बुधवारी मी मुद्दाम आत गेले नाही. टेबलाशेजारी त्या आरामखुर्चीत पडून राहिले. डोळे मिटले, पण झोपले नव्हते. थोड्या वेळाने पापण्यांवरचा उजेड कमी झाला. आभाळ आल्यावर होतो तसा नव्हे. माझ्या आणि खिडकीच्या मधे कुणीतरी बसल्यावर होतो तसा. खुर्चीचा पाय फरशीवर घासला. मग तो आवाज सुरू झाला. कापडातून धागा ओढला जातो ना, सर्र... थांब... सर्र... थांब. माझं बालपण त्या आवाजात गेलंय. लवंगेचा वास इतका दाट झाला की दाढ दुखायला लागली, आणि मला दाढा तरी कुठे उरल्यात.

डोळे उघडायचं धाडस मला झालं नाही. ती एकोणीस वर्षांची असणार. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं, आणि तिने माझं बघावं असं तर त्याहून वाटत नव्हतं.

मी विचारलं. ओठ हलले की नाही कुणास ठाऊक. "धाकटे... गाठ लागली होती का ग?"

सर्र थांबलं.

मी मोजत होते. शंभरपर्यंत मोजलं. ती तिथेच होती, उजेड अडलेलाच होता. मग पुन्हा सर्र सुरू झालं. ऐकून घेतलं तिने.

गुरुवारी दुपारी भोक नव्हतं. बुजवलेलं होतं असं म्हणत नाही मी. नव्हतंच. मी कोट पाठीवर, पोटावर, उजेडात, सगळीकडे फिरवला. डावा खांदा कुठला आणि गोळी कुठे लागली ते मला जागा आठवून सांगावं लागलं असतं. काळपट कडाही नव्हत्या. मग माझ्या डोक्यात रफूवालीचा प्रश्न आला. धागे कुठून आणले हिने? तिच्या कोटाच्या दुमडी मी पाहिल्या, शाबूत होत्या.

तुला ठाऊक नसेल, बाबांनी आम्हा दोघींचे कोट एकाच ताग्यातून शिवले होते. माझा त्या दाराच्या मागे खुंटीला आहे. तीनदा घरं बदलली तरी मी तो टाकला नाही. हो, आज मला घालायचाय तोच. बाईनेच सांगितलंय, दोन्ही कोटांचा फोटो काढायचाय म्हणून. मी दार लोटून त्याची खालची दुमड उलटी केली. धागे उसवून नेलेले होते, ओळीने, सफाईने, डाव्या बाजूकडून सुरुवात करून.

तेवढ्यात बेल वाजली. संग्रहालयातली बाई.

तिने कोट उचलला. पाठ फिरवली. पुन्हा फिरवली. तिचा चेहरा कापसासारखा झाला.

"आजी..." ती हळू आवाजात म्हणाली, "हे काय केलंत?"

"मी नाही केलं," मी म्हणाले.

म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग कोट खिडकीशी नेला. उलटा करून पाहिला. सुलटा करून पाहिला. बराच वेळ काही बोलली नाही. आणि ते न बोलणं, पोरी... ते मी ओळखलं. बाबांचं ते न बोलणं. साठ-सत्तर वर्षं ज्याच्यासाठी जळत राहिले, ते माझ्या खोलीत, माझ्या खिडकीशी उभं होतं, आणि पुन्हा तिच्याच कामासाठी.

"असं काम मी जन्मात पाहिलेलं नाही," बाई शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "रागावणार होते मी, खरंच. पण आता वाटतं, जखम तिच्या मैत्रिणीच्याच हाताने भरली. याहून मोठं काय दाखवणार आम्ही? शनिवारी तुम्ही पुलावरच्या मंचावरून सांगाल ना हे? तुम्हीच केलंत ना, आजी?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"हो," मी म्हणाले. "मीच केलं."

बाईच्या मागे खुर्ची होती. ती हलली नाही, पण लाकूड एकदा कुरकुरलं, कुणी उठून गेल्यावर कुरकुरतं तसं. बाईने वळूनही पाहिलं नाही. कोट खोक्यात घालून ती आनंदाने निघून गेली.

शुक्रवारी काहीच झालं नाही. खुर्ची तिच्या खड्ड्यांत होती, वास नव्हता. मी जन्मभर तिच्या नसण्याची वाट पाहिली आणि ती नव्हती तेव्हा घर खायला उठलं. संध्याकाळी तू आलीस. तू बडबडत होतीस आणि मी हसत होते. मनात भाषण जुळवत होते. थोरलीने धाकटीची जखम कशी भरली त्याचं. खोटं कसलं, मला वाटायला लागलं होतं की मीच केलंय.

आज सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी खुंटीवरून कोट काढला.

दे इकडे तो. ये, उजेडात ये. ही डावी बाही बघ. हे कालपर्यंत फाटलेलं नव्हतं. तिरपं फाटलंय, खिळ्याला अडकून फाटावं तसं, आणि कुणीतरी ते शिवलंय. बघ कसं शिवलंय. एक टाका इथे, एक तिथे. आठ दिवसांच्या शिकाऊ पोरीचं काम. आणि आतून अंगठा फिरव. घाबरू नकोस, फिरव.

लागली ना? एवढी मोठी. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. आंधळ्यालाही लागेल.

गाठ म्हणजे थांब. पुलावर जाऊ नकोस.

तू समजतेस तसं ते नाही. डोळे पुसू नकोस, मला माफ केलंय तिने असं मनात आणू नकोस. किंवा केलंही असेल. तेच तर. तिचा हात जगात सगळ्यात सफाईचा, आणि तिने तो मुद्दाम ओबडधोबड केला, मला लागावं म्हणून. आपलं काम बिघडवलं तिने. माझ्यासाठी. हसणाऱ्याने हसावं, पण थोरली थांबावी, एवढाच हिशोब. जे मला तीन तास खिडकीशी बसून जमलं नाही, ते तिला मरूनही जमलं. मी विचारलं होतं ना तिला बुधवारी? हे उत्तर. अशी टाकायची असते ग गाठ, थोरले.

म्हणजे पुन्हा तीच वरचढ. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तिच्या सुईचा हेवा करतेय.

हॉर्न वाजला वाटतं. गाडी आली.

नाही, मी जाणार आहे. धर तो कोट, हात घालू दे मला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. नको म्हणू नकोस, मला ठाऊक आहे ती काय सांगतेय. पण ती गाठ मानून घरी बसले, तर भाषण तसंच राहील, आणि तिचं काम माझ्या नावावर काचेत लटकेल. जाऊन सगळ्यांसमोर सांगायचंय मला. रफू तिचा आणि गाठ माझी. पुलावरून चालत जाऊन, पुतळ्याच्या पायाशी उभी राहून. तेवढं एक तरी मी तिच्यासारखं करीन. आणि हेही हेव्यानेच करतेय, असं तुला वाटत असेल तर वाटू दे, खरंच आहे ते.

वरचं बटण लाव. काठी दे. दिवा मालव आता.

थांब. दार उघडलंस का? खिडकी? मग वारा कुठून येतोय?

इकडे ये जरा, माझ्या मागे ये. सकाळी खुंटीवरून काढताना मी हा कोट मागून-पुढून नीट पाहिला होता, पाठीवरचा एक धागा सुटलेला नव्हता. पाठीवर बघ, डाव्या खांद्याखाली. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागी मला गार लागतंय.